आग्रह जरा आवरा

"ऑपरेशन यशस्वी झालं" हे वाक्य कानावर पडलं की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. पोटाच्या ऑपरेशनच्या बाबतीत मला मात्र ते अर्धवट वाटतं. घास सुखाने खाली उतरतो की नाही, हे अजून कळायचं असतं.

माझ्या धाकट्या भावाला वर्षानुवर्षं छातीत जळजळ व्हायची. गोळ्यांनी भागेना, तेव्हा ऑपरेशन झालं. यात जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती मफलरसारखा गुंडाळून टाके घालतात, म्हणजे आम्ल वर येत नाही. रुडॉल्फ निस्सेन या सर्जनने १९५५ साली ही पद्धत प्रथम वापरली. पण जो मफलर आम्ल अडवतो, तो घासही अडवू शकतो! सुरुवातीला सूज असते, त्यामुळे पहिले काही आठवडे बऱ्याच जणांना गिळताना त्रास होतो. बहुतेकांचा तो दोन-तीन महिन्यांत आपोआप जातो. १९६३ साली तुपे नावाच्या फ्रेंच सर्जनने पूर्ण वेढा न घालता अर्धवट वेढ्याची पद्धत मांडली. तिच्यात गिळण्याचा त्रास कमी होतो.

म्हणजे डॉक्टरांना हे सगळं आधीपासून ठाऊक आहे. मग पेशंटला का नसावं? भावाने सही केलेल्या इंग्रजी फॉर्मवर 'डिस्फॅजिया' हा शब्द होता म्हणे. आठव्या दिवशी पोळीचा तुकडा छातीत अडकला, तेव्हा त्या बिचाऱ्याला वाटलं, ऑपरेशन फसलं. पुढे चार दिवस तो भीतीने जेवलाच नाही. "गिळायला त्रास होईल, घाबरू नका" एवढं एक मराठी वाक्य कुणी बोललं असतं, तर ते चार दिवस टळले असते.

दुसरी बाजू आपल्या घराची. भेटायला येणारा प्रत्येक जण डिंकाचे लाडू घेऊन येतो आणि "दोन घास जास्त खा, ताकद येईल" म्हणत समोर बसतो. आपल्याकडे आग्रह म्हणजे प्रेम! पण अशा माणसाला हवी असते अर्धी वाटी मऊ भात, पातळ वरण, बारीक घास आणि भरपूर वेळ. पोळी, भाकरी, कोरडा पाव, सोड्याची बाटली हे सगळं डॉक्टर सांगेपर्यंत लांबच बरं.

सोसत बसणंही चूक. पाणीसुद्धा उतरेना, घास अडकून बसला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. वजन उतरत चाललं किंवा तीन महिन्यांनंतरही त्रास राहिला, तरी दाखवायला हवं. दुर्बिणीने बघून, गरज पडल्यास फुग्याने वाट रुंद करता येते.

चाळीस वर्षं मुलांना शिकवताना एक कळलं. पुढे काय येणार आहे हे आधी सांगितलं, की अवघड धडाही मूल धीराने घेतं. पेशंटचंही तसंच असतं. डॉक्टरांनी चार वाक्यं जास्त बोलावीत आणि आपण नातेवाइकांनी चार कमी, एवढंच माझं म्हणणं. पटतंय का बघा.