पोपटच चावलाय ना?

कुत्रा चावला म्हटलं की घरात धावपळ सुरू होते. मांजराने ओरबाडलं तरी कुणीतरी इंजेक्शनची आठवण करतंच. पण 'मकाव चावला' म्हणून बघा. लोक आधी हसतात, मग हळदीचा डबा शोधतात. माझा राग आहे तो या हसण्यावर!

हल्ली मकाव, काकाकुवा असले थोराड पक्षी फ्लॅटमध्येही दिसतात. ते पाळावेत की नाही, यावर नंतर कधीतरी भांडू :-) पण एवढे पैसे मोजून पक्षी आणणाऱ्याला त्याची चोच काय करू शकते हे ठाऊक नसावं? हायसिंथ मकाव ताडवर्गातल्या झाडांची टणक फळं चोचीने फोडतो. लहान मुलाचं बोट तिच्यापुढे किती टिकणार?

वर दोन भोकं, आत चिरडलेलं मांस. गेल्या वर्षी माझ्या भाच्याला शेजारच्या मकावने धरलं. दवाखान्यात "पोपटच ना?" म्हणून पट्टी बांधून घरी पाठवलं. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं होतं, एवढंही कुणी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी बोट वाकेना. दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला तर हाडाला तडा!

यावर काहीजण म्हणतील, डॉक्टरांकडे असे पेशंट येतात तरी किती? मान्य. पण इथे पक्षीशास्त्र कुणी मागत नाही. चिरडलेल्या, घाण गेलेल्या जखमेला जे करायचं तेच करायचं आहे. वाहत्या पाण्याखाली साबणाने भरपूर वेळ धुवायचं, सूज चढण्याआधी अंगठी काढायची, धनुर्वाताचं बघायचं, हाड आणि सांधा तपासायचा. हाताच्या सांध्याजवळची खोल जखम त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची. डोळ्याला लागलं असेल तर चोळायचं नाही, दाबायचं नाही, थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. आणि रेबीजची भीती नको. तो सस्तन प्राण्यांचा रोग आहे, पोपटापासून होत नाही. म्हणजे नको ती भीती आणि हवी ती बेफिकिरी, असा आपला उलटा कारभार!

त्याहून वाईट म्हणजे लपवाछपवी. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. मकावसारख्या परदेशी पक्ष्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनी बंधनकारक झाली. म्हणून मग डॉक्टरांना "दारात सापडलं" असं सांगायचं! अहो, डॉक्टर म्हणजे वनखात्याचा माणूस नव्हे. पुढे आठ-दहा दिवसांनी ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला सुरू झाला तर तो सिटॅकोसिस असू शकतो. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून तो श्वासात जातो. डॉक्सिसायक्लिनने बरा होतो, पण घरात पक्षी आहे हे डॉक्टरांना कळलं तर त्यांना तो सुचणार ना?

पक्ष्याला दोष देऊन काही उपयोग नाही. घाबरला की तो चावणारच. २०१९ मध्ये फ्लोरिडात एका माणसाचा त्याने स्वतःच पाळलेल्या कॅसोवरीच्या हल्ल्यात जीव गेला. तेव्हा 'पक्षीच तर आहे' हे वाक्य आता बंद करूया. ज्यांच्या घरी असा पक्षी आहे, त्या सगळ्या मावश्या-काकांनी आज एवढंच करावं: घरातल्या प्रत्येकाचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं ते बघून ठेवावं.