लांडगा आला रे आला, पण विश्वास कुणावर?

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकली आहे. मेंढपाळाचं पोर दोनदा गंमत म्हणून ओरडतं, गाव काठ्या घेऊन धावतं, आणि तिसऱ्यांदा खरंच लांडगा येतो तेव्हा कुणी फिरकत नाही. तात्पर्य बाईंनी फळ्यावर लिहून दिलेलं: खोटं बोलू नये.

आज मात्र या गोष्टीतली पात्रं बदलली आहेत. पोर ओरडतं ते खरंच असतं, पण वनखातं म्हणतं, ‘कुत्रं असेल.’ दुसऱ्या दिवशी वनखातं सांगतं, ‘घाबरू नका, लांडगा सहसा माणसाच्या वाटेला जात नाही.’ तेही खरंच असतं, पण गाव म्हणतं, ‘यांचं काय ऐकायचं!’ दोघंही खरं बोलतात आणि तरी विश्वास कुणाचाच कुणावर नाही. हे असं का होतं, ते पाहायला मी तुम्हाला माळव्यात, धार आणि देवासला घेऊन जाणार आहे.

ही दोन्ही नावं मराठी माणसाला परकी नाहीत. दोन्हीकडे पवारांची गादी; त्यात देवासला थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं एकाच गावात. कुमार गंधर्वांचं घरही देवासचंच. पण आपल्या मनातला माळवा टेकडीवरच्या देवीपाशी आणि कुमारांच्या गाण्यापाशी संपतो. त्यापलीकडे काळ्या मातीचं पठार आहे, सोयाबीन आणि गव्हाची शेतं आहेत आणि मधेमधे गवताळ माळ. भारतीय लांडगा राहतो तो अशाच उघड्या प्रदेशात. दाट जंगल हे त्याचं घर नव्हे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे ३,१०० लांडगे उरले आहेत आणि त्यात सर्वांत जास्त, ७७२, मध्य प्रदेशात. म्हणजे वाघांपेक्षाही कमी. वाघाला मात्र प्रकल्प आहे, सफारी आहे, पोस्टाचं तिकीट आहे; लांडग्याला काय आहे? एक बदनाम म्हण आणि ‘लांडगेतोड’ हा शब्द.

माझं म्हणणं थोडक्यात सांगते. लोकांचं वैर लांडग्याशी कमी आणि कचेरीशी जास्त आहे. लांडगा गावात पाऊल टाकतो तेव्हा वनखात्याबद्दलचा जुना हिशोब तिथे आधीच उघडा पडलेला असतो, आणि ती सगळी थकबाकी त्या बिचाऱ्याच्या नावावर चढते.

धार जिल्ह्यातलं सरदारपूर घ्या. तिथे १९८३ साली तणमोरासाठी अभयारण्य जाहीर झालं. माळव्यात या पक्ष्याला खरमोर म्हणतात. पावसाळ्यात विणीसाठी येणारा, कोंबडीएवढा पक्षी. नर गवतातून उंच उड्या मारून मादीला बोलावतो. तो जगायलाच हवा. पण तेव्हा अभयारण्याचं क्षेत्र सुमारे ३४८ चौरस किलोमीटर ठरलं, आणि त्यात १४ गावांतल्या लोकांची स्वतःची शेतजमीन आली. तिच्या खरेदी-विक्रीवर बंदी बसली. आता विचार करा. मुलीचं लग्न असो, घरात कुणाचं ऑपरेशन असो, भावाभावांत वाटणी असो; सातबारा आपल्या नावावर, पण जमीन विकता येत नव्हती. का? तर एक पक्षी पावसाळ्यात येतो म्हणून. अशा शेतकऱ्याला बांधावर खरमोर दिसला असता, तर त्याने आनंदाने कुणाला सांगितलं असतं, की तो गप्प बसला असता?

शेजारच्या रतलाम जिल्ह्यातल्या सैलानालाही त्याच वर्षी, त्याच पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. तिथे वनखात्याने पुढे एक साधी गोष्ट केली: खरमोराची खबर देणाऱ्या आणि आपल्या शेतातलं घरटं राखणाऱ्या शेतकऱ्याला रोख बक्षीस. पक्षी तोच, खातं तेच, शेतकरीही तसाच. पण एकीकडे पक्षी म्हणजे जमिनीवरचा बोजा आणि दुसरीकडे पक्षी म्हणजे घरात येणारे चार पैसे. यातली कुठली वागणूक पक्ष्याच्या भल्याची, हे कळायला प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही.

आता देवास जिल्ह्यात या. देवास आणि सिहोरच्या सीमेवर खिवनी अभयारण्य आहे, १९५५ पासूनचं. तिथे अलीकडच्या काळात वाघ पुन्हा दिसू लागले. गोष्ट आनंदाचीच. पण जून २०२५ मध्ये, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, वनखात्याने खिवनी भागातल्या आदिवासी कुटुंबांची घरं बुलडोझर लावून पाडली. खातं म्हणालं अतिक्रमण, कुटुंबं म्हणाली आम्ही इथलेच. प्रकरण इतकं चिघळलं की केंद्रीय मंत्री शिवराजसिंह चौहान त्या आदिवासींना घेऊन मुख्यमंत्र्यांकडे गेले. कायदा कुणाच्या बाजूने होता याचा निकाल मी इथे देत नाही. पण ज्या मुलाने आपलं घर भर पावसात पडताना पाहिलं, त्याला उद्या हिरव्या गणवेशातला माणूस ‘वन्यजीव आपले मित्र आहेत’ असं पोस्टर देईल, तेव्हा तो ते कुठल्या भिंतीवर लावणार?

याच राज्यात, कुनोला, गीरच्या सिंहांसाठी म्हणून २४ गावं उठवली गेली. सिंह आजतागायत आले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आदेश देऊनही आले नाहीत. २०२२ मध्ये आले ते नामिबियाचे चित्ते, विमानातून, वाजतगाजत. ही गोष्ट माळव्यापर्यंत पोचायला वर्तमानपत्र लागत नाही, आठवडी बाजार पुरतो.

अशा वातावरणात लांडगा येतो. रात्री मेंढ्यांच्या वाड्यातून कोकरू उचलून नेतो. सकाळी नुकसानभरपाईसाठी पंचनामा हवा, पंचनाम्यासाठी मेलेलं जनावर हवं, आणि जनावर तर लांडग्याने नेलं! उरलंसुरलं काही सापडलंच, तर ते लांडग्याचं काम की मोकाट कुत्र्यांचं, यावर वाद. कुत्र्यांनी मारलं तर भरपाई नाही. शिवाय लांडगा फिरतो तो माळ बहुतेक वेळा वनखात्याचा नसतोच, महसुलाचा असतो. सरकारदरबारी त्याचं नाव काय, तर ‘पडीक’. लांडगा, काळवीट, तणमोर, ससे, शेकडो मेंढ्या ज्या जमिनीवर जगतात ती पडीक! आपण भाषेची माणसं आहोत, म्हणून विचारते: एका शब्दाने जमीन अशी बेवारस करता येते, हे आपल्याला खटकायला नको का? मेंढपाळ तहसील आणि रेंज ऑफिस यांच्यामध्ये हेलपाटे घालतो, दिवसाची मजुरी बुडवतो आणि पुढच्या वेळी तक्रारच करत नाही. लांडग्याच्या बिळात धूर करतो, नाहीतर मेलेल्या जनावरावर विष टाकतो.

हे चूक आहे, गुन्हा आहे. लांडगा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्याच ओळीत. पण पुणे-सोलापूरकडच्या धनगरांत आजही असे लोक भेटतात, जे म्हणतात की कळपातलं एखादं कोकरू हा लांडग्याचा वाटाच. धनगर आणि माळवा यांचं नातं तर होळकरांपासूनचं. ज्याचं पोट कळपावर आहे, त्याच्याकडे हे औदार्य शिल्लक आहे. मग ते संपवणारं कोण?

विश्वास गेल्यावर काय होतं ते उत्तर प्रदेशातल्या बहराइचने दाखवलं. २०२४ च्या पावसाळ्यात तिथे लांडग्यांच्या हल्ल्यांत लहान मुलं गेली. या दुःखापुढे कुठलाही युक्तिवाद लहान आहे, हे आधीच मान्य करते. वनखात्याने सांगितलं, सहा लांडग्यांची टोळी आहे. पाच पकडले. सहावा गावकऱ्यांनीच मारला. हिशोब पुरा झाला असं वाटलं, आणि २०२५ मध्ये पुन्हा हल्ले सुरू झाले. आता तिथे कुणी आकडा सांगितला तर कोण मानेल?

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात लांडगे परत आणावेत की नाही यावर २०२० साली चक्क मतदान झालं. जेमतेम ५१ टक्क्यांनी ठराव पास झाला, मुख्यतः शहरांच्या मतांवर. डिसेंबर २०२३ मध्ये पहिले १० लांडगे सोडले. गाई-मेंढ्या पाळणारे डोंगराकडचे लोक तेव्हापासून म्हणताहेत, मत तुमचं आणि वासरू आमचं. तिथे भरपाई घसघशीत आहे, तरी राग आहे. कारण नुसत्या पैशाने भागत नाही. आधी विचारलं होतं का, हा प्रश्न उरतोच.

वनखात्याची बाजूही आहे. एका वनरक्षकाकडे केवढं तरी क्षेत्र, गाडी नाही, वरून साहेबांची बदली. गावात शिव्या त्यालाच बसतात आणि वरून मेमोही त्यालाच. त्याला खलनायक करून प्रश्न सुटणार नाही.

मग करायचं काय? मला तीन गोष्टी सुचतात. एक, भरपाईचा अर्ज ग्रामपंचायतीतच घ्यावा आणि जनावर सापडलं नाही तर ठसे, केस आणि शेजारच्या मेंढपाळांची साक्ष ग्राह्य धरावी. मध्य प्रदेशाने २०१० साली देशात पहिला लोकसेवा हमी कायदा केला. त्यातली मुदत मेंढपाळाच्या बाबतीतही पाळली जाते की नाही, ते पंचायतीच्या फळ्यावर महिन्याच्या महिन्याला लिहावं. दोन, लांडग्यांवर नजर ठेवायचं काम मेंढपाळांनाच पगारावर द्यावं; माळ त्यांच्याइतका कुणाला माहीत आहे? तीन, प्राण्याच्या नावाने कुणाची जमीन अडकवण्याआधी ग्रामसभेत जाऊन बसावं, आणि जे माहीत नाही ते ‘माहीत नाही’ असं सांगावं. खोटा दिलासा देण्यापेक्षा हे बरं.

आणि आपण? लांडग्याचा सुंदर फोटो आला की आपण बदाम पाठवतो. त्या फोटोची किंमत कुणीतरी एका कोकराने चुकती केलेली असते. पुढच्या वेळी ‘लांडगा दिसला’ अशी बातमी वाचाल, तेव्हा एवढं जरूर शोधा, की ज्याचं कोकरू गेलं त्याला पैसे मिळाले का, आणि मिळाले तर किती दिवसांनी. गोष्टीतलं गाव तिसऱ्या हाकेला घरात बसून राहिलं. त्या रात्री मेंढ्या मात्र सगळ्या गावाच्याच गेल्या होत्या.