पाहुण्यासोबतचा पाहुणा

डिसेंबर २०२१ मधला तो शनिवार. लॉगफोरजेमधलं भगदाड आदल्याच दिवशी गाजलं होतं. मी छातीठोकपणे म्हणालो, "आपण ते वापरतच नाही." आमच्या पॉम फाइलमध्ये नावही नव्हतं हो! मेव्हनचं डिपेंडन्सी ट्री काढलं, तर तिसऱ्या फांदीवर साहेब हजर. आम्ही बोलावलेल्या लायब्ररीने सोबत आणलेले.

मग वरून व्हर्जन लादलं: २.१५, ते अपुरं म्हणून २.१६, मग २.१७. आग विझली. पण माझ्या मते हे ठिगळच. खरा इलाज म्हणजे मूळ लायब्ररी अपग्रेड करणं. तोवर ठिगळाशेजारी कारण लिहून ठेवा. नाहीतर उद्या तेच नव्या, सुरक्षित व्हर्जनला अडवून बसतं. आमच्याकडे बसलंच!

असो. तुम्ही तुमचं ट्री शेवटचं कधी पाहिलंत?