धर्मादाय खाटा कुणासाठी?

येलदरीचा माणूस जास्त आजारी पडला की त्याची वाट ठरलेली असते. आधी जिंतूर, मग परभणी, आणि तिथून चिठ्ठी मिळाली की छत्रपती संभाजीनगर, पुणे, नाहीतर थेट मुंबई. चिठ्ठी हातात पडताच घरात बोलणे सुरू होते ते पैशाचे. कुणी म्हैस विकतो, कुणी डोरलं गहाण टाकतो, कुणी मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचल घेतो. त्या मोठ्या दवाखान्यात आपल्यासाठीही खाटा राखलेल्या असतात, हे मात्र कुणाच्या तोंडी येत नाही.

बंधू-भगिनींनो, मुंबईचे जसलोक, लीलावती, हिंदुजा, पुण्याचे रुबी हॉल ही नावे ऐकूनच आपल्या माणसाला धडकी भरते. हृदयाची शस्त्रक्रिया, मूत्रपिंड बदलणे, एमआरआय, सगळे एका छताखाली. काचेचे दार, दारात गणवेशातला पहारेकरी. पण ही रुग्णालये धर्मादाय न्यास म्हणून नोंदलेली आहेत आणि न्यासांना करात सूट मिळते. ती सूट सरकारी तिजोरीतून जाते, आणि साबणाच्या वडीवर कर भरून ती तिजोरी आपणही भरत असतो.

१९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात यासाठी कलम ४१ कक आहे. त्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने १७ ऑगस्ट २००६ रोजी योजना ठरवून दिली. धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या. इतर रुग्णांच्या एकूण बिलातून २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची. जीव धोक्यात असेल तर रुग्णाला आधी दाखल करून घ्यायचे, आणि निर्धनाकडे अनामत मागायची नाही. निर्धनासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार, दुर्बलासाठी ३ लाख ६० हजार. म्हणजे आपल्या वस्तीतली बहुतेक घरे यात बसतात!

तरीही आपला माणूस बिल भरून येतो, कारण तो विचारत नाही आणि समोरचाही आपणहून सांगत नाही. बिल झाल्यावर हात जोडण्यात अर्थ नाही. दाखल होतानाच वैद्यकीय समाजसेवकाला गाठावे, 'निर्धन रुग्ण योजनेत नोंद करा' म्हणावे आणि अर्ज लेखी द्यावा. खाटा भरल्या आहेत असे उत्तर आले तर तेही लेखी मागावे. दाद त्या शहरातील धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात मागता येते.

सगळेच मोठे दवाखाने न्यासाचे नसतात. कंपनीच्या दवाखान्याला ही योजना लागू नाही. तिथे महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे का ते पाहावे. असल्यास आत आरोग्यमित्र बसलेला असतो.

कागद म्हणजे रेशनकार्ड, आधार आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. पोरांच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेला दाखला पुष्कळ घरांत ट्रंकेत पडून असतो. त्याची मुदत आजच पाहून घ्या. संपली असेल तर जिंतूरला बाजाराला जाल तेव्हा सेतूत नवा अर्ज टाका; रुग्ण गाडीत घातल्यावर दाखला निघत नाही.