फाउंडर कोण आणि गल्ल्यावर कोण?

बारावीचं वर्ष सुरू झालं की पुण्यात दोन प्रकारची पोरं दिसतात. एक सीईटीच्या मागे लागलेली आणि दुसरी 'प्रोफाइल' बनवणारी. पहिल्यांचं गणित सरळ आहे. एमएचटी-सीईटीचे पर्सेंटाइल, मग कॅपचे राउंड. अकरावीत तुम्ही कितीही भारी धंदा केला असला, तरी त्या फॉर्मवर त्यासाठी रकाना नाही. दुसऱ्यांचं प्रकरण वेगळं. खासगी विद्यापीठांच्या मुलाखती, परदेशी कॉलेजांचे निबंध, पुढे एमबीएचा इंटरव्ह्यू, या सगळीकडे कुणीतरी विचारतंच, 'अभ्यासाशिवाय काय केलंत?' आणि या प्रश्नाचं सध्याचं लाडकं उत्तर आहे, 'माझा स्टार्टअप आहे.'

उत्तर चांगलंच आहे. गडबड होते ती पुढच्या वाक्यात, कारण तिथे आपण लगेच 'फाउंडर अँड सीईओ' होतो.

तिलक मेहता आठवतोय का? २०१८ मध्ये मुंबईच्या या मुलाची बातमी सगळीकडे झळकली होती. तेव्हा तो १३ वर्षांचा होता. नातेवाइकांच्या घरी पुस्तकं विसरली, ती त्याच दिवशी परत कशी आणायची या अडचणीतून त्याला 'पेपर्स एन पार्सल्स'ची कल्पना सुचली. शहरातल्या शहरात एका दिवसात पार्सल, आणि ते पोचवायला मुंबईचे डबेवाले. कंपनीचे सीईओ झाले ते बँकिंगमधून आलेले घनश्याम पारेख.

आता हीच गोष्ट कॉलेजच्या फॉर्मवर लिहायची तर काय लिहाल? पेपरसाठी हेडलाइन होती '१३ वर्षांचा उद्योजक'. पण प्रवेश देणाऱ्या माणसाला त्याहून भारी वाटेल ती दुसरी गोष्ट. शहरभर फिरणारी, गल्ली न् गल्ली ओळखणारी यंत्रणा आधीच उभी आहे, मग नवीन कशाला उभारायची, हे त्याला दिसलं. आणि रोजचा कारभार चालवायला मोठं माणूस लागेल, हे कुणी लपवलं नाही.

लपवायचं कारणही नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार सज्ञान नसलेल्या व्यक्तीला करारच करता येत नाही. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलाने गाळा भाड्याने घेतला तर करारावर सही आईची किंवा बाबांचीच असणार. मुलाखत घेणाऱ्यालाही हे माहीत असतं. तरी आपण फॉर्मवर बाबांना गायब करतो. मग समोरून साधा प्रश्न येतो, 'माल कुठून आणलास? उधारी किती दिवसांची?' आणि सीईओसाहेब छताकडे बघायला लागतात.

अर्थात धंदा शंभर टक्के खरा असला म्हणजे झालं, असंही नाही. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या झॅक यादेगरी या १८ वर्षांच्या मुलाने आपले निकाल सोशल मीडियावर टाकले. जेवणाचा फोटो काढून कॅलरी सांगणारं 'कॅल एआय' हे अ‍ॅप त्याचं. वर्षाला ३ कोटी डॉलरचा धंदा, हा त्यानेच दिलेला आकडा. मार्कही उत्तम. तरी १८ पैकी १५ विद्यापीठांनी त्याला नकार दिला. नकाराचं कारण विद्यापीठं कळवत नाहीत. पण त्याने आपला निबंधही सगळ्यांसमोर ठेवला होता, आणि त्यात कॉलेजला जायचंच नाही असं आधी ठरवलं होतं, हे त्याने स्वतः लिहिलं होतं. पुढे मत का बदललं तेही त्यात आहे. पण वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न राहतोच, की बाबा, तुझं सगळं झालंय, मग आमच्याकडे कशाला येतोस? पैसे किती कमावले हे सांगताना अजून काय शिकायचं राहिलंय ते सांगितलं नाही, तर तो अर्ज राहत नाही, जाहिरात होते.

आता मुद्द्याचं. या सगळ्या धावपळीत एक मुलगी मात्र रकाना रिकामा सोडून देते. सदाशिव पेठेत तिची आई मेस चालवते. स्पर्धा परीक्षांच्या पोरांचे डबे रोज भरायचे असतात. कुणाचे किती खाडे, कुणाचं महिन्याचं बिल थकलंय, सिलिंडर महागला तर डब्याचे दहा रुपये वाढवायचे की भाजी बदलायची, हे सगळं ती दहावीपासून सांभाळतेय. पण फॉर्म भरताना तिला वाटतं, हे काय सांगायचं, हे तर घरचंच काम. आणि तिच्याच वर्गातला एक जण, ज्याला पैसे देऊन वेबसाइट आणि लोगो करून मिळालाय, तो बिनधास्त 'आंत्रप्रेन्योर' लिहून मोकळा होतो.

ही मुलगी तुम्ही असाल तर नीट वाचा. अमेरिकेतल्या शेकडो कॉलेजांसाठी चालणाऱ्या 'कॉमन अ‍ॅप'मध्ये दहा उपक्रम लिहायला जागा असते, आणि उपक्रमांच्या प्रकारांत 'घरच्या जबाबदाऱ्या' आणि 'पगारी काम' हे स्वतंत्र पर्याय दिलेले आहेत. म्हणजे तिकडच्यांनीही हे काम मोजायचं ठरवलंय. आपणच त्याला कमी लेखतो. मंडईतला गाळा, बाबांचं झेरॉक्सचं दुकान, मावशीच्या फराळाच्या ऑर्डरी, गणपतीतला मूर्तींचा स्टॉल, यातलं काहीही चालेल. अट एकच, तुम्ही त्यात खरंच काहीतरी ठरवलेलं पाहिजे.

लिहायचं कसं? कॉमन अ‍ॅपमध्ये एका उपक्रमाच्या वर्णनाला १५० अक्षरं मिळतात. त्यात 'इनोव्हेटिव्ह', 'पॅशनेट', 'इम्पॅक्ट' हे तीन शब्द घातले की निम्मी जागा गेलीच म्हणून समजा. त्यापेक्षा आकडा लिहा, छोटा असला तरी चालेल, पण खरा. समजा, दिवाळीत तुम्ही ४० आकाशकंदील केले, ३१ गेले, ९ उरले. पुढच्या वर्षी सोसायटीच्या ग्रुपवर आधी ऑर्डर घेतल्या आणि मगच कागद आणला. बस, एवढंच लिहा. यात धंदा आहे, चूक आहे, चुकीवर काढलेला उपाय आहे. 'शंभर टक्के ग्रोथ' मध्ये यातलं काहीच नाही. दोनाचे चार झाले तरी शंभर टक्केच होतात.

मोठा निबंध ६५० शब्दांपर्यंतचा असतो. तिथे दुकानाची पूर्ण कुंडली मांडू नका. एक दिवस, एक निर्णय घ्या. उधारी मागायला गेलात आणि समोरचा ओळखीचा निघाला, तेव्हा काय केलंत? आणि कुणी मदत केली ते नावानिशी सांगा. बाबांनी वीस हजार दिले असतील तर दिले म्हणा. त्याने तुमचं काम लहान होत नाही, उलट बाकीच्या गोष्टींवर विश्वास बसतो. धंदा बंद पडला असेल तर तेही लिहा. का पडला हे ज्याला सांगता येतं, त्याने तो खरंच चालवलेला असतो.

कुणी म्हणेल, जग दिखाव्याचं आहे, साधेपणाने कोण विचारतं? खरंय, पैसे देऊन बनवलेलं प्रोफाइल काही वेळा चालूनही जातं. सगळेच पकडले जातात असं नाही. पण त्या स्पर्धेत तुम्ही उतरलात तर तिथे जिंकणार तोच, ज्याच्या बाबांचं पाकीट मोठं. खाड्यांची वही मात्र पैसे देऊन विकत मिळत नाही. त्या एका बाबतीत मेसवालीची मुलगी पुढे आहे, आणि नेमकं तेच ती फॉर्मवर लिहीत नाही.

तेव्हा या वर्षी तुमचा किंवा धाकट्या भावंडाचा फॉर्म भरायला बसाल, तेव्हा 'फाउंडर' टाइप करण्याआधी एक प्रश्न विचारा. त्या गल्ल्यावर प्रत्यक्ष कोण बसत होतं? उत्तर 'मी' असेल तर कसलाही संकोच न करता लिहा, दुकान कितीही छोटं असू दे. आणि उत्तर 'आई' असेल, तर आधी आईचं नाव लिहा. मग तुम्ही काय केलंत, ते सांगा.