नरकासुराला रद्दी चालते, मग वर्गणी कशाला?

परवा पुतणीच्या शाळेतून वहिनीच्या मोबाइलवर मेसेज आला. दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेत हॅलोवीन आहे, प्रत्येक मुलाने घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून एक भीतीदायक डेकोरेशन करून आणायचं. तालुक्याच्या गावातली इंग्रजी शाळा, म्हणजे 'बेस्ट आउट ऑफ वेस्ट' आलंच. वहिनीने काय केलं? ऑनलाइन प्लॅस्टिकचे कोळी, जाळं आणि काळा चार्ट पेपर मागवला. टाकाऊपासून टिकाऊ राहिलं बाजूला, आधी विकत घेऊन मग टाकाऊ करायचं, असा उलटा कारभार.

हॅलोवीनला माझा विरोध नाही, आधीच सांगतो. कमेंटमध्ये संस्कृतीरक्षकांनी उगाच गर्दी करू नये. आयर्लंड-स्कॉटलंडची माणसं सलगमासारखा कंद पोखरून त्यात दिवा ठेवायची. अमेरिकेत गेल्यावर त्यांना भोपळा मिळाला, तो मोठा आणि पोखरायला सोपा, म्हणून भोपळा आला. म्हणजे मुळात तोही घरात, शेतात जे असेल त्यातून भूत करायचा सण. आपल्यासारखाच.

त्याच संध्याकाळी वाडीतली पोरं दारात आली. "काकानू, नरकासुराची वर्गणी देवा." मी म्हटलं, वर्गणी कशाला, रद्दी घेऊन जा, गठ्ठाच्या गठ्ठा पडलाय. तर त्यातला मोठा म्हणाला, "रद्दी नको, पैशे देवा. जीपे केलात तरी चालात." नरकासुराला रद्दी नको! हे ऐकल्यापासून ही पोस्ट डोक्यात घोळते आहे.

घाटावरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आमच्या सिंधुदुर्गात आणि पलीकडे गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री नरकासुर उभा करतात आणि पहाटे जाळतात. पोरांमधला एखादा कृष्ण होतो. मग अभ्यंगस्नान, तुळशीपाशी 'गोविंदा गोविंदा' म्हणत पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं, आणि पोहे. ते कारीट म्हणजेही नरकासुरच. इथे कुंपणाच्या वेलीवर फुकट मिळतं, मुंबईकरांना विकत घ्यावं लागतं.

आमच्या लहानपणी नरकासुर करायला चार दिवस लागायचे आणि खर्च अर्धा किलो मैद्याचा. पालथ्या मडक्यावर पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचा, म्हणजे मुखवटा नंतर मडक्यावरून सुटतो. त्यावर मैद्याच्या खळीत बुडवलेले कागदाचे तुकडे, एक थर आडवा, एक उभा, असे सात-आठ थर. नाक आणि भुवया कागदाच्या सुरळ्यांच्या. हे सगळं वाळायला दोन-तीन दिवस कडक ऊन लागतं, आणि नेमका परतीचा पाऊस येतो. मग मुखवटा चुलीच्या वर टांगायचा. डोळ्यांना नारळाच्या करवंट्या, केसांना सोडणाचा काथ्या, कानाला सुपारीची विरी, जिभेला आईचा फाटका लाल ब्लाऊज. रंग म्हणजे खळीत कोळशाची पूड, दातांना चुना, डोळ्यांच्या कडांना गेरू. धड म्हणजे बांबूच्या दोन उभ्या आणि एक आडवी काठी सुतळीने बांधून त्यावर बापाची जुनी सुती पँट आणि शर्ट, आत पेंढा. पँट सुतीच हवी. टेरिकॉटची वितळून थेंब थेंब गळते आणि भाजते, हे एका मित्राच्या पायाने आम्हाला शिकवलं.

जळताना बांबूचे पेर फुटले की फटाक्यासारखा आवाज यायचा. सकाळी राख माडाच्या मुळात. संपलं.

अगदी सोवळे होतो असं नाही. नरकासुर जोरात पेटावा म्हणून पोटात सायकलचा टायर घालायचो आणि अख्खी वाडी त्या काळ्या धुरात खोकायची. ते चूकच होतं. पण तो नरकासुर आमचा होता. ज्याच्या घरातून पैसा निघत नव्हता, त्याच्या घरातून पेंढा निघायचा, आणि पेंढा आणणाऱ्याचा मान पैसे देणाऱ्याइतकाच असायचा.

आता बघा. तयार मुखवटा बाजारात मिळतो, छोटा काही शे रुपयांना, मोठा हजारांत. आत लोखंडी सांगाडा, बाइंडिंग वायर, डोळ्यांत एलईडी, शेजारी जनरेटर, त्याच्या शेजारी साउंड. बॅनरवर नरकासुरापेक्षा मोठा फोटो भावी नगरसेवकाचा. बक्षीस पाच आकडी, म्हणून खर्चही पाच आकडी, म्हणून वर्गणी, आणि वर्गणी पुरत नाही म्हणून भाऊ. आठवी-नववीच्या पोरांना काम काय? खुर्च्या मांडा, पाणी आणा आणि दारोदार फिरा. मुखवट्याला हात लावायचा नाही, बिघडेल. पत्रादेवी ओलांडून गोव्यात गेलात तर हेच दसपट मोठं दिसेल. आपण त्याच रस्त्याला लागलोय.

खरं दुखणं मात्र सकाळी दिसतं. बातमीच्या निमित्ताने गेली काही वर्षं मी नरकचतुर्दशीला सात वाजता गावातून फिरतो. घराघरांत उटणं, फराळ, आणि चौकाचौकांत सफाई कामगार. त्यांचीही दिवाळी असते, त्यांच्या घरीही पोरं वाट बघत असतात. ते रस्त्याला चिकटलेलं वितळलेलं प्लॅस्टिक फावड्याने खरवडत असतात आणि राखेतून वायरची भेंडोळी काढत असतात. लोखंडी सांगाडा दोन दिवस तसाच कडेला पडून राहतो. बाकीची वायर दुचाकींच्या टायरात. थर्माकोलच्या सजावटीला राज्यात २०१८ पासून बंदी आहे, रात्री दहानंतर लाऊडस्पीकर चालत नाही. हे दोन्ही नियम त्या रात्री कुणाला आठवत नाहीत. मी फोटो छापले, वर्षभरात फरक शून्य.

मोठे नरकासुर बंद करा असं मी म्हणत नाही. मान हलवणारे, तलवार फिरवणारे नरकासुर करणारी पोरं आपल्याकडे आहेत. कुठल्याही कोर्सविना मोटर आणि गिअर जुळवतात. मी स्वतः ते तोंडाचा आ करून बघत उभा राहतो. त्यांचा गट ठेवा, बक्षीसही ठेवा. माझं मागणं स्पर्धावाल्यांकडे आहे, कारण सवय बक्षिसाने लागली आणि बक्षिसानेच सुटेल. पंधरा वर्षांखालच्या मुलांचा वेगळा गट करा. उंची सहा फुटांपर्यंत, तयार मुखवटा दिसला की बाद, सामान घरातलं आणि परड्यातलं. परीक्षकांनी रात्री गाडीतून उतरून सेल्फी काढण्याऐवजी दोन दिवस आधी वाडीत जाऊन पोरं कशी करतात ते बघावं. आणि सगळ्याच गटांचं बक्षीस सकाळी नऊला, जागा झाडून झाल्यावर. ज्याचा सांगाडा रस्त्यावर, त्याचं बक्षीस रद्द. एवढा एक नियम लावा, लोखंड आपोआप कमी होतं की नाही बघा.

नगरपंचायतीने यावर ठराव वगैरे करू नये. ठरावाची बातमी मी छापीन आणि त्याच कागदाचा नरकासुर होईल. तसं माझ्या बाबतीत झालेलंही आहे. एकदा जळत्या नरकासुराच्या गालावर माझं नाव वाचलं होतं, पाणीटंचाईची बातमी होती. ती नीट वाचलेला बहुधा तो एकटाच.

पुतणीचं पुढे काय झालं? तिला मी करवंटीचे डोळे आणि काथ्याचे केस लावलेला कागदी मुखवटा करायला बसवलं. पहिला थर नीट बसला नाही, सगळा मैदा फरशीवर, वहिनी अजून माझ्याशी बोलत नाही. दुसरा वाळतोय. शाळेत तो हॅलोवीनचं भूत म्हणून जाईल आणि नरकचतुर्दशीला नरकासुर म्हणून जळेल. कोळ्यांचं पार्सल परत केलं.

आमच्या ऑफिसच्या मागच्या खोलीत तीन वर्षांचे अंक पडून आहेत. नरकासुरासाठी ज्या वाडीतल्या पोरांना हवे असतील त्यांनी संध्याकाळी सहानंतर या, पिशवी घेऊन. पहिल्या पाच वाड्यांना अर्धा-अर्धा किलो मैदा माझ्याकडून. वर्गणी मात्र मिळणार नाही.