घर गहाण ठेवण्याआधी



लातूर जिल्ह्यातून एका वडिलांचे पत्र आले आहे. मुलगी बी.ए. मानसशास्त्र पहिल्या वर्गात पास झाली आहे. तिला शिक्षण आणि मानसशास्त्र या विषयांत जर्मनीला जाऊन एम.एससी. करायचे आहे. शहरातल्या एका एजंटाने सांगितले की, ‘दोन वर्षांत मुलगी डॉक्टरसारखी मानसोपचार करू लागेल, खर्च बावीस लाख.’ राहते घर गहाण ठेवून बँकेचे कर्ज काढण्याचा विचार चालला आहे. पत्राच्या शेवटी ते लिहितात, ‘आपा, व्याजाचे ओझे घ्यावे का आणि एकट्या मुलीला पाठवावे का, एवढेच सांगा.’

भाईसाहेब, तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. मला त्याच्याही आधीचा तिसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: ही पदवी नेमकी कशाची आहे? तो प्रश्न आमच्या घरात कुणी विचारला नव्हता, म्हणून आज घरातलीच गोष्ट सांगते.

माझ्या बहिणीची मुलगी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये म्युनिकला गेली. तिथल्या लुडविग मॅक्सिमिलियन विद्यापीठात, ज्याला सगळे एलएमयू म्हणतात, मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र यांची एकच विद्याशाखा आहे. तिथे ‘सायकॉलॉजी : लर्निंग सायन्सेस’ हा दोन वर्षांचा एम.एससी. अभ्यासक्रम इंग्रजीतून चालतो. मूल शिकते कसे, चुकते का, त्याचे लक्ष कशाने टिकते, धडा कसा रचला तर समजतो, याचा हा अभ्यास आहे. जर्मनीचे या विषयाशी जुने नाते आहे. मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिगमध्ये उघडली होती.

पहिल्या महिन्यात तिचा फोन आला, ‘खाला, मी मुलांचे मन शिकायला आले आणि इथे सगळी आकडेवारीच आहे!’ खरेच होते. संशोधनाच्या पद्धती, संख्याशास्त्र आणि संगणकावर माहितीचे विश्लेषण यांतच पहिले सत्र गेले. तिने बी.ए.ला संख्याशास्त्राचा पेपर कसाबसा काढला होता, त्यामुळे रात्री जागून पुन्हा मुळापासून शिकावे लागले. निकाल लागला तेव्हा ‘मला १.७ मिळाले’ असे ती म्हणाली आणि माझ्या मेहुण्यांचा चेहरा उतरला. तिकडे १ म्हणजे सर्वोत्तम आणि ४ च्या पुढे नापास, हे समजल्यावर घरात मिठाई आली.

दुसऱ्या सत्रात मात्र ती रडत बोलली. तिला मानसोपचार करायचा होता. मनाने खचलेल्या बायका आपल्या वस्तीत तिने पाहिल्या होत्या, त्यांच्यासाठी काही करायचे म्हणून ती हा विषय शिकत होती. वर्गातल्या एका जर्मन मुलीने तिला सहज सांगितले की या पदवीने मानसोपचार करता येत नाही. जर्मनीत त्यासाठी वेगळा अभ्यासक्रम, सरकारी परवाना आणि उत्तम जर्मन भाषा लागते. भारतातही ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे होते. त्यासाठी मान्यताप्राप्त क्लिनिकल शिक्षण आणि देखरेखीखालचा प्रत्यक्ष सराव हवा. विद्यापीठाने काहीच लपवले नव्हते. अभ्यासक्रमाच्या नावातच ‘लर्निंग’ होते. आम्ही ‘सायकॉलॉजी’ हा एकच शब्द वाचला आणि उरलेले मनाने भरले. मीसुद्धा, तीस वर्षे शाळेत शिकवलेली बाई, त्यात सामील होते.

म्हणून भाईसाहेब, तुमच्या एजंटाचे पहिले वाक्यच चुकीचे आहे. मुलीला समोर बसवून विचारा: तुला उपचार करायचे आहेत, की शिक्षण, शाळा आणि संशोधन यांत काम करायचे आहे? उपचार करायचे असतील तर आधी भारतातच एम.ए. आणि त्यानंतर आरसीआयमान्य संस्थेतले क्लिनिकल शिक्षण हा सरळ रस्ता आहे. तो स्वस्तही पडतो. शिकण्याच्या शास्त्रात रस असेल तर म्युनिकसारखा अभ्यासक्रम खरोखर चांगला आहे. परदेशी पदवीची समकक्षता कशी ठरते, याचे यूजीसीचे नवे नियम एप्रिल २०२५ मध्ये आले आहेत. तेही अर्ज करण्याआधी वाचा, परत आल्यावर नव्हे.

आता पैशाचे पाहू. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते, थोडेसे सत्रशुल्क असते. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो पडतात आणि काही विद्यापीठे स्वतंत्रपणे फी घेऊ लागली आहेत. म्हणून प्रत्येक ठिकाणची फी वेगळी तपासा. व्हिसासाठी एका वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो खास खात्यात आधी भरावे लागतात. युरो शंभर रुपये धरला तरी बारा लाख होतात. ही फी नव्हे. पैसे मुलीचेच राहतात आणि तिकडे गेल्यावर महिन्याला ९९२ युरो या हिशेबाने तिला मिळतात. पण एजंट हीच रक्कम ‘विद्यापीठाचा खर्च’ म्हणून सांगतात आणि वर स्वतःचे लाखभर लावतात. भारतीय विद्यार्थ्यांना आधी एपीएस नावाचे कागदपत्रांच्या तपासणीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते काम मुलगी स्वतः करू शकते, आमच्या मुलीने केले.

म्युनिक हे महाग शहर आहे. वसतिगृहात जागा मिळाली तर तीनशे-चारशे युरोत भागते, बाहेर खोली घेतली तर त्याच्या दुप्पट. वसतिगृहाची प्रतीक्षायादी लांब असते, म्हणून प्रवेश मिळताच नाव नोंदवायचे. आरोग्यविमा सक्तीचा आहे. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. आमची मुलगी आधी बेकरीत उभी राहिली, नंतर एका प्राध्यापकांच्या संशोधनात मदतनीस झाली. तिकडे अशा विद्यार्थ्याला ‘हिवी’ म्हणतात. या कमाईवर दुसऱ्या वर्षाचा बराच खर्च निघाला, पण पहिल्या वर्षाचे पैसे हाताशी लागतातच.

व्याजाचे काय? अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचे व्याज भरणारी केंद्राची ‘पढो परदेस’ योजना २०२२-२३ पासून बंद झाली. राज्यातल्या मौलाना आझाद महामंडळाकडून कमी व्याजाचे शैक्षणिक कर्ज मिळते. कमी असले तरी ते व्याजच आहे, म्हणून तुमच्या मनातला खटका मी हलका मानत नाही. फतवा देणे माझे काम नाही, त्यासाठी जाणत्या आलिमांना भेटा. आम्ही काय केले, एवढे सांगते. मेहुण्यांनी घराला हात लावला नाही. मुलीने बी.ए.नंतर एक वर्ष शिकवणी घेतली आणि पैसे साठवले. दोन मामा, एक चाचा आणि मी मिळून कर्ज-ए-हसना दिले. सूरह बकरामध्ये देणेघेणे लिहून ठेवायला सांगितले आहे, त्याप्रमाणे प्रत्येकाची रक्कम साक्षीदारांसह वहीत लिहिली. नातेवाइकांत ‘राहू दे, लिहायचे काय’ म्हणतात आणि पुढे तिथेच नाती तुटतात. आमची वही अजून चालू आहे, निम्मी रक्कम फिटली आहे.

शिष्यवृत्तीही शोधा. जर्मनीची डाड ही संस्था आणि युरोपीय संघाची इरास्मस मुंडुस योजना, दोन्हींची माहिती फुकट मिळते. इरास्मस मुंडुसमध्ये निवड झाली तर महिन्याला १४०० युरो मिळतात. स्पर्धा कडक आहे, पण अर्ज करायला घर गहाण ठेवावे लागत नाही.

राहिला एकट्या मुलीचा प्रश्न. माझ्या बहिणीने दोन महिने हाच धोशा लावला होता. तिकडे गेल्यावर मुलीने आधी मशीद शोधली. तिथे तुर्की, बोस्नियन, अरब बायका भेटल्या. २०२४ चा रमजान मार्च-एप्रिलमध्ये सुट्टीत आला, तेव्हा इफ्तारला कुणीतरी बोलवायचेच. विद्यापीठाच्या मेन्सात, म्हणजे खाणावळीत, शाकाहारी पदार्थ रोज मिळत. एकटेपणा आलाच नाही असे नाही. नोव्हेंबरमध्ये लवकर अंधार पडतो, तेव्हा ती सगळ्यांत जास्त फोन करायची. तिला त्या वेळी उपदेश नको होता. आज भाजी काय केली, शेजारची मांजर व्याली का, एवढेच ऐकायचे होते. आईला हे उमगायला एक हिवाळा गेला.

आता ती पुण्यात आहे. एका शाळेत वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी धडे तयार करते आणि शिक्षकांना शिकवते. मानसोपचाराचे स्वप्न अजून मनात आहे, पुढे भारतात तो अभ्यासक्रम करीन म्हणते. मी विचारले, ‘दोन वर्षे वाया गेली का?’ ती म्हणाली, ‘नाही खाला. पण जाण्याआधी कळले असते तर रडले नसते.’

भाईसाहेब, मुलीला नाही म्हणू नका, आणि घराच्या कागदांवर सहीही करू नका. एक वर्ष थांबा. या वर्षात तिने संख्याशास्त्र पक्के करावे, पुणे-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनची किंवा कुठलीही जर्मन भाषेची शिकवणी लावावी, एखाद्या शाळेत मुलांबरोबर काम करावे. अभ्यासक्रमाचे पान तिने स्वतः वाचून तुम्हाला मराठीत समजावून सांगावे. ते तुम्हाला समजले आणि त्यानंतरही तिची ओढ कायम असली, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा इन्शाअल्लाह वहीत कुणाची नावे लिहायची, यावर बोलू.